अमावास्येची गंगा

ह्या हिंदी मुलखातल्या सोडाला वस्तीमागच्या नाल्यात गंगा अवतरते, हे आमच्या कॉलनीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ती अमावास्येला सकाळी येते आणि दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या आत निघून जाते. इतक्या लांबून येऊन ती मुक्कामाला का राहत नाही, हे कोणी विचारलं नाही. आमच्या नाल्याचा वास ज्याने घेतला आहे त्याला हा प्रश्न पडतही नाही.

त्या अमावास्येला नाल्याच्या दोन्ही काठांवर पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी नाल्याकडची खिडकीसुद्धा आम्ही उघडत नाही. आदल्या दिवसापर्यंत पाणी जांभळं होतं. त्याआधी लाल, त्याच्याही आधी मोरपिशी. आता रंग पार गेला होता आणि घोटाभर पाण्याखालचा तळ दिसत होता. तळाशी एक टायर, बऱ्याच चपला आणि अर्धं फुटलेलं कमोड. लोक हात जोडून त्या अर्ध्या कमोडाचं दर्शन घेत होते. पाण्याला किंचित करडी झाक होती. निर्मलगिरी महाराजांनी तिला चांदीची झळाळी असं नाव दिलं, तेव्हा ती सगळ्यांना दिसायला लागली.

महाराज ओट्यावर बसले होते. ओटा आमच्याच स्वच्छता समितीने फावडी-घमेली ठेवायला बांधलेला. फावडी आता कोणाच्या तरी गच्चीत होती आणि ओट्यावर गालिचा होता.

"पानी मैला नहीं होता, बच्चों," महाराज माइकवरून म्हणाले. "पानी दुखी होता है. कभी पानी से पूछा, भैया, कैसे हो?"

कोणीच विचारलं नव्हतं. लोकांनी अपराध्यासारखं नाल्याकडे पाहिलं.

महाराजांचं शास्त्र असं होतं: चंद्र महिनाभर पाण्याला ओढत असतो. त्या ओढीने पाण्याच्या मनावर ताण येतो आणि ताणाने रंग बदलतो. अमावास्येला चंद्र सुट्टीवर जातो. पाणी मोकळं होतं. नेमक्या त्या वेळी मंत्राची फ्रीक्वेन्सी सोडली, की मळ अंतर्धान पावतो. परदेशातल्या शास्त्रज्ञांना हे ठाऊक आहे, पण ते सांगत नाहीत. मळ अंतर्धान पावून कुठे जातो, हे महाराजांनीही सांगितलं नाही.

"ओऽम् जलाय शांतीः!" महाराज म्हणाले.

"शांतीः!" म्हणून आयटीतली, बँकेतली आणि छावणीतून निवृत्त झालेली माणसं वाकली आणि बाटल्या भरू लागली. त्यांत निशिगंधा होती. तिच्या हातात माहेरचा तांब्याचा गडू होता आणि घरी तिची नऊ वर्षांची वैष्णवी तापाने फणफणली होती.

ह्या गंगेला आणलं कोणी, तर आप्पासाहेबांनी. आप्पासाहेब मूळचे साताऱ्याकडचे. सुभेदार म्हणून इथल्या छावणीतून निवृत्त झाले आणि इथेच राहिले. कॉलनीतल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष तेच, आणि नालासफाईची मोहीमही त्यांचीच. तीन हिवाळे दर रविवारी ते गमबूट घालून नाल्यात उतरले. सुरुवातीला त्यांच्याबरोबर अर्धी कॉलनी असायची. गाद्या काढल्या, पिशव्या काढल्या, कोणीतरी विसर्जन केलेल्या मूर्ती काढल्या. पुढच्या रविवारी तेच सगळं परत आणि पाणी लाल. त्याच्या पुढच्या रविवारी पाणी निळं. कार्यालयांत खेटे घातले. साहेब येऊन फोटो काढून गेले. माणसं एकेक करून गळाली, आणि एका रविवारी आप्पासाहेब घमेलं घेऊन एकटेच काठावर उभे राहिले. अशा वेळी माणसाला जो पहिला भेटतो तो देव वाटतो. त्यांना महाराज भेटले.

"अमावास्येला या," महाराज म्हणाले.

"अमावस्येला?" आप्पासाहेब दचकले. "आमच्याकडं अमावस्येला कुणी दाढीसुद्धा करत न्हाय, महाराज."

तेवढ्यावरच सगळं उभं राहिलं. आमच्यापैकी कोणी अमावास्येला चांगल्या कामाला घराबाहेर पडत नाही, घाणीच्या कामाला तर नाहीच. तीन वर्षांत त्या दिवशी एकाही मराठी माणसाने नाल्यात डोकावलं नव्हतं. आप्पासाहेबांनी पहिल्यांदा डोकावलं आणि तळ दिसला. तीन वर्षं राबून जे झालं नाही ते एका मंत्राने झालं. म्हातारा काठावर बसून रडला आणि मग त्याने ग्रुपवर लिहिलं: मी स्वतः पाहिले. सुभेदार खोटं लिहीत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तो खोटं लिहीत नव्हताही.

त्यानंतर दोन अमावास्या तसंच झालं. रविवारची सफाई बंद पडली आणि तिच्या जागी जलसंवाद सुरू झाला. त्यात गमबूट लागत नाहीत.

* * *

अमावास्येनंतर दोन दिवसांनी मीनाक्षी निशिगंधाकडे गेली. मीनाक्षी अमरावतीची, नवरा सैन्यात, आणि ती जवळच्या शाळेत विज्ञान शिकवते. वैष्णवी तिच्याच वर्गात.

"वैशू, कसं वाटून राहिलं गं?"

"मावशी, मतलब डोकं खूप दुखतं. पोट पण." पोरीचे ओठ सोलवटले होते. "ते पानी पिली की उलटी होते. आई म्हणते, अंदरचं सगळं बाहेर निघतंय."

मीनाक्षीने टेबलाकडे पाहिलं. गोळ्यांच्या पाकिटातल्या मागच्या दोन ओळी तशाच होत्या. बाजूला गडू.

"निशी, गोळ्या काहून थांबवल्या?"

"चार दिवस दिल्या की! चार दिवस पोरगी विस्तवासारखी. डॉक्टर म्हणतात टायफॉइड आहे, ताप उतरायला वेळ लागतो, थांबा. तू थांबली असतीस?"

"थांबले असते."

"तुझी नाही ना आजारी." निशिगंधा फटकन म्हणाली, आणि लगेच तिचा आवाज खाली आला. "महाराज म्हणाले, एका घड्यात दोन नद्या ओतू नका. गडू संपेपर्यंत बाहेरचं काही नको."

"महाराजांना विचारलं का, शिकले किती?"

"डॉक्टर शिकलेत ना? मग उतरवला का त्यांनी ताप?"

दारात चंदन उभा होता. वैष्णवीचा बाप. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतो.

"चंदनभाऊ, तुम्ही तरी बोला."

"मी म्हटलं वहिनी, दोन्ही चालू ठेवू. ती म्हणते दोन्ही चालत नाही." तो जमिनीकडे बघत होता. "आणि आप्पासाहेबांनी स्वतः पाहिलंय. ते कशाला खोटं सांगतील?"

"आप्पासाहेब म्हणाले असते ना, की हे खोटं आहे," निशिगंधा म्हणाली, "तर मी आत्ता गडू ओतून दिला असता. पण ते म्हणत नाहीत."

मीनाक्षी तिथून निघाली ती थेट आप्पासाहेबांकडे. मुलीचा श्वास धापेसारखा चालला होता आणि तो तिला जिन्यातही ऐकू येत राहिला.

आप्पासाहेबांच्या न्हाणीघरात फरशी बसवणं चाललं होतं. अर्धी भिंत उघडी, सिमेंटची धूळ उडत होती, आणि आप्पासाहेब मिस्त्रीवर तापले होते.

"आप्पासाहेब, वैशूचं काही खरं नाही. तुम्ही चला आणि निशीला सांगा, की त्या पाण्याने..."

"मी काय सांगू, पोरी? जे बघितलं ते बघितलं. बस जरा. ह्या मिस्त्रीनं डोकं फिरवलंय. रविवारी ये म्हणलं तर येतो. परवा मात्र आलाच न्हाय. का, तर अमावस! ह्या गावात कारागीर लोक अमावस्येला हत्याराला हात लावत न्हाईत. गवंडी न्हाय, सुतार न्हाय, रंगारी न्हाय, समद्यांची रजा."

"रंगारी?"

"भिंतीचे गं."

"आणि कापडाचे?"

आत मिस्त्रीचं कटर फरशी कापत होतं. आप्पासाहेबांनी खुंटीवरची स्कूटरची किल्ली घेतली.

* * *

नाल्याच्या वरच्या अंगाला कापडछपाईच्या शेड आहेत. हेही आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पाहुणे आले की चादरी घ्यायला आम्ही त्यांना चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, दुकानांत नेतो आणि अगदी इथलीच छपाई म्हणून कौतुकाने सांगतो. ती छपाई धुतली कुठे जाते, एवढंच आम्ही कधी सांगितलं नाही.

शेडमागे धुण्याचे हौद होते. हौदाच्या तळाला बुचं, आणि बुचाखालून पन्हळ सरळ नाल्यात. आज हौद जांभळे होते. वरच्या खोलीच्या गच्चीवर दोरीला पांढरीशुभ्र धोतरं आणि लांब कफन्या वाळत होत्या. आप्पासाहेब त्यांच्याकडे टक लावून बघत राहिले.

"महाराजजी के हैं," शेडचे मालक राघवजी म्हणाले. "हमारे किरायेदार. बड़े शांत आदमी हैं. बस हर महीने एक ही बात पूछते हैं, अमावस को पक्का बंद रहेगा ना?"

आप्पासाहेब हौदाच्या कठड्यावर टेकले. तीन हिवाळे एकदम अंगावर आल्यासारखे ते बसले होते.

"हम नीचे तीन साल से सफाई कर रहे हैं," ते म्हणाले. "हर इतवार को."

"इतवार को तो हम धोते हैं," राघवजी म्हणाले. "तीन साल? एक बार ऊपर आ जाते."

मीनाक्षीने मधेच विचारलं, "भैयाजी, कल सुबह थोड़ी देर हौद बंद रख सकते हैं? पड़ोसवालों से भी कह देंगे?"

"कपड़ा भीगता रहेगा, क्या फरक पड़ता है. पर आप करेंगी क्या?"

"चमत्कार," मीनाक्षी म्हणाली.

आप्पासाहेब त्याच पावली निशिगंधाकडे गेले. "पोरी, मी चुकलो. गोळी दे तिला," ते म्हणाले. पण आता निशिगंधाच बदलली होती. मास्तरीणबाईंनी म्हाताऱ्याचे कान भरले असं तिला वाटलं. डोळ्यांनी पाहिलेलं तुम्ही तोंडाने कसं पुसता, असं तिने विचारलं. हे महाराजांचंच वाक्य होतं. दुसऱ्या दिवशी काय होतं ते बघ, मग ठरव, एवढंच तिने कबूल केलं. ती रात्र गोळीविना गेली.

* * *

सकाळी ग्रुपवर निरोप गेला: आप्पासाहेब आज चमत्कार करणार आहेत, सहकुटुंब यावे. सहकुटुंब आले. महाराजही आले, कारण लोक जमले आणि आपण नाही, असं त्यांना परवडणारं नव्हतं.

"आज तिथि नहीं है," ते ओट्यावर चढत म्हणाले. "पानी कोप करेगा."

आप्पासाहेब काठावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी फोन लावला, "बंद करो जी," म्हणाले आणि पेपर उघडला.

बराच वेळ काही झालं नाही. नाला जांभळाच होता. कोणीतरी म्हणालं, "आप्पासाहेब, मंत्र विसरले वाटतं!" कोणीतरी घरून चहा मागवला. महाराज डोळे मिटून मंद हसत होते. आप्पासाहेबांनी पान उलटलं. मग काठावरची एक बाई ओरडली. जांभळा विरून गुलाबी झाला होता. गुलाबी फिका झाला. आणि हळूहळू, जणू कोणी पडदा सरकवावा तसं, ते अर्धं कमोड वर दिसू लागलं.

"आप्पासाहेबांच्या अंगात आलं!" गर्दी पुढे सरकली. एकाने खुर्चीपुढे नारळ ठेवला. दोघींनी पाय धरले.

"उठा! नारळ उचला तो!" आप्पासाहेब किंचाळले. "मी पेपर वाचत हुतो!"

"कोणतं पान, आप्पासाहेब?" मागून कोणीतरी अत्यंत गांभीर्याने विचारलं.

सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मोहीम हातची गेली होती. एक बाबा घालवायला निघालो आणि दुसरा तयार झाला. महाराजांनी ती संधी लगेच टिपली. "देखा?" ते माइकवर गरजले. "हमारे शिष्य में भी शक्ति आ गई!"

"तुमच्या शिष्याने फोन केला होता," मीनाक्षी ओट्यावर चढून म्हणाली, "तुमच्या घरमालकाला." आणि तिने साध्या शब्दांत सगळं सांगितलं. वर छपाईच्या शेड आहेत. धुण्याचं रंगीत पाणी नाल्यात सोडतात. अमावास्येला कारागिरांची सुट्टी असते, म्हणून त्या दिवशी रंग येत नाही. आज बुचं लावली, म्हणून आज आला नाही. "आता बघा." आप्पासाहेबांनी फोन स्पीकरवर टाकला. "राघवजी, खोल दो."

"खोल दिया," फोनमधून आवाज आला. "और महाराजजी वहीं हैं क्या? कहिएगा, उनकी धोती छत से उड़ के हौद में गिर गई. जामुनी हो गई है."

पहिल्यांदा एक पोरगी हसली. मग हशा काठाकाठाने पसरत गेला. अर्ध्या तासाने वरून जांभळा पट्टा सरकत आला, कमोडावरून गेला आणि नाला पूर्वीसारखा झाला. महाराज तोवर ओट्यावर नव्हते. त्यांना जाताना कोणी पाहिलं नाही. अंतर्धान पावणं त्यांना खरंच येत होतं.

निशिगंधा शेवटपर्यंत थांबली होती. ती मीनाक्षीजवळ आली. गडू तिच्या हातात होता.

"रंगाचं कळलं," ती म्हणाली. "पण ह्यात रंग नव्हता ना गं. स्वच्छ दिसत होतं. मग ह्यात काय होतं?"

मीनाक्षीने इकडेतिकडे पाहिलं. हे हळुवारपणे सांगता येईल असे शब्द शाळेत शिकवत नाहीत.

"संडासाचं पाणी, निशी. वरच्या सगळ्या वस्त्यांचं. त्याला अमावास्येची सुट्टी नसते."

निशिगंधा गडू तिथेच टाकून धावत सुटली.

* * *

गोळी द्यायला उशीर झाला होता. दुपारी वैष्णवीचं पोट फळीसारखं कडक झालं. आतड्याला भोक पडलं होतं. हॉस्पिटलमध्ये शस्त्रक्रिया झाली, मग आणखी एक झाली. डॉक्टर कोणाला रागावले नाहीत. ते रागावले असते तर चंदनला बरं वाटलं असतं. निशिगंधा बाकावर बसून सगळ्यांना एकच सांगत होती, "मी चमच्याने पाजलं. ती नको म्हणत होती, मी नाक दाबून पाजलं."

वैष्णवी जगली. जगली म्हणजे घरी आली. चालायला आईचा हात धरते.

ह्या प्रकारातून आमच्या कॉलनीने जो बोध घ्यायचा तो मी लिहून टाकतो, कारण कॉलनी घेईलच असं नाही. पाणी नितळ दिसलं म्हणजे शुद्ध असतं असं नाही, ते उकळावं लागतं. ताप गोळी घेतल्याबरोबर उतरत नाही, म्हणून गोळी थांबवायची नसते. आपल्या दारात जे वाहत येतं ते कुठून येतं, हे वर चालत जाऊन विचारावं. कोणी अमुकच तिथीला चमत्कार करत असेल, तर त्या तिथीला आणखी काय काय बंद असतं ते पाहावं. एवढं करायला विज्ञानाची पदवी लागत नाही. आमच्यातल्या पुष्कळांकडे ती होती आणि तिचा काही उपयोग झाला नाही.

वैष्णवीला घरी सोडताना डॉक्टरांनी विचारलं, "पण टायफॉइड झाला तो गडूच्या आधी. घरी प्यायला पाणी कुठलं?"

नळाचं, असं चंदनने सांगितलं. मग तो आणि आप्पासाहेब नळाच्या पाइपामागून चालत गेले. पाइप कॉलनीतून बाहेर पडतो, नाल्यात उतरतो आणि ओट्याच्या पायथ्याशी पाण्याखालून पलीकडे जातो. तिथल्या जोडाला सायकलची ट्यूब गुंडाळलेली आहे आणि ती कुजली आहे. ज्या जागी आम्ही तीन हिवाळे उभे राहिलो आणि तीन अमावास्या हात जोडले, तीच ती जागा.

पुढच्या रविवारी आप्पासाहेबांनी सगळ्यांना बोलावलं. आठ-दहा जण आले. अर्ज दिला. साहेब आले, त्यांनी जोडाचा फोटो काढला.

पाइप अजून तिथूनच जातो. नळाला पाणी रोज सकाळी येतं.